हद्द

ओढ्यापलीकडच्या गावचा सरपंच हार घेऊन आला. तात्यांच्या भेगाळलेल्या पायांपुढे त्याने नव्या चपला ठेवल्या. "घाला आता. तुमच्यामुळे तालुका झाला. दवाखाना आमच्याच गावात होतोय."

घाटापलीकडच्या जुन्या तालुक्याच्या दवाखान्यात नेताना, घाटात, जीपमध्येच तात्यांची बायको गेली होती. खोऱ्याला वेगळा तालुका मिळेपर्यंत अनवाणी राहीन, असं त्यांनी तिच्या चितेसमोर सांगितलं होतं. मोर्चे, उपोषणं, मंत्र्यांच्या गाडीपुढे आडवं पडणं, सगळं अनवाणीच केलं.

"आणि ओढ्यावरचा पूल?" तात्यांनी विचारलं.

सरपंच खाली बघू लागला. "हद्द ओढ्यावरूनच गेली, तात्या. तुमचं गाव जुन्या तालुक्यातच राहिलं. दोन तालुक्यांच्या मधला पूल आता कोण अंगावर घेणार?"

तात्यांनी चपलेत पाय घालून बघितला. इतक्या वर्षांत पंजा पसरला होता, अंगठा आत जाईना. त्यांनी चपला उचलून सरपंचाच्या हातात दिल्या.

दारात सून उभी होती. तिचे दिवस श्रावणात भरणार होते, आणि श्रावणात ओढा कुणालाच पलीकडे जाऊ देत नाही.

"घाटातल्या जीपवाल्याला," तात्या मुलाला म्हणाले, "आत्ताच सांगून ठेव."