माझ्या सहीखालचा अंगठा

"न वाचता साक्षीदार म्हणून सही करायची नाही," असं बाबा बजावायचे. मी नुसती मान डोलवायचे.

शेजारच्या नाबुकेरा आजीच्या अंगणात आम्ही चटईवर जमलो होतो. "आत्याचं मृत्युपत्र आहे," तिचा भाचा म्हणाला. कागद इंग्रजीत होता आणि माझं बाळ तापाने किरकिरत होतं. मी सही केली, साक्षीदारांना देतात तो सोडाही प्यायले. आजी हसली. "कॉलेज शिकलेल्या पोरीने सही केलीय, आता मी कशाला घाबरू?" आणि तिने खाली अंगठा उमटवला.

परवा तिने तोच कागद माझ्यापुढे धरला. "जरा वाच गं. भाचा म्हणतो, नाताळाआधी घर सोड. थट्टा करतोय ना मेला?"

मी तो पहिल्यांदाच वाचला. घर, केळीची बाग, बागेतली तिच्या नवऱ्याची कबर, सगळं भाच्याला विकल्याचं त्यात लिहिलं होतं.

"थट्टाच असेल, आजी," मी म्हणाले, आणि संध्याकाळी बाळाला घेऊन माहेरी निघून आले.

तुम्ही आमच्या मसाका गावाकडे गेलात, तर फणसाखालच्या तिच्या घरी जाऊन या. कागद ती स्वतःहून दाखवेल. तेवढा तिला मोठ्याने वाचून दाखवा.