व्हॅनचा नवा बेल्ट

“चाचा, नवा बेल्ट मी बसवू का?”

शाळेची व्हॅन गॅरेजात उघडी पडली होती, आणि हे विचारून दाखवच अशी पैज माझ्या चौघी मैत्रिणींनी लावली होती. मी विचारलं! गॅरेजवाल्या दस्तगीरचाचांनी माझ्या हातात पाना दिला. “बसव. पण खुणा चुकल्या तर इंजिन जाईल, पोरी.” मागे चौघी फिदीफिदी हसल्या.

बेल्ट ज्यांच्यावर बसतो त्या वरच्या आणि खालच्या दातेरी चाकांवरच्या खुणा मी इंजिनावरच्या रेघांसमोर आणल्या, बेल्ट चढवला, ताणला. “आता चालू करू?”

“आधी हातानं फिरवून बघ.”

खालच्या चाकाचा एक फेरा झाला आणि वरची खूण थेट तळाला गेली. मी झटकन हात मागे घेतला. “चुकलं ना?”

“घाबरतेस काय! खालचं दोनदा फिरतं तेव्हा वरचं एकदा. फिरव अजून.”

फिरवलं. दोन्ही खुणा बरोब्बर रेघांसमोर!

“जमलं गं!” मी ओरडत मागे वळले. मागे कुणीच नव्हतं. चौघी कधीच भेळेच्या गाडीवर पळाल्या होत्या.

व्हॅन पहिल्याच झटक्यात सुरू झाली. मला एवढा आनंद झाला, आणि तो दाखवायला कुणीच नव्हतं. दहावीनंतर पाचही जणी एकाच कॉलेजात सायन्सला जायचं, हे आमचं सहावीपासून ठरलेलं. चालत घरी येईपर्यंत ते ठरलेलं आणि ते सुरू झालेलं इंजिन, दोन्ही मनात घोळत राहिलं.

दारातच, चपला न काढता मी म्हणाले, “आई, पप्पा, मी आयटीआयला जाणार. मोटार मेकॅनिक. आणि हो, एकटीच.”