पन्नासपैकी एकोणपन्नास

पाचवी गोळीही मशीनला सापडली नाही. डॉक्टरांनी रायफलवरून गाल उचलला आणि शेजारच्या पडद्याकडे पाहिलं. पन्नासपैकी तेरा. पाचातल्या दोनच गोळ्या कागदाला लागल्या होत्या, बाकीच्या तीन मागच्या मातीच्या ढिगात गेल्या होत्या. मागे उभ्या असलेल्या शौकीन मंडळींना एकदम आपापल्या बुटांच्या नाड्या बघायची आठवण झाली.

सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून, खड्डा उभा होता. त्याचं खरं नाव नेमबाजी क्लबात कुणी घेत नसे, सगळे त्याला खड्डाच म्हणत. बावीस वर्षं तो लक्ष्यांच्या पायथ्याशी, सिमेंटच्या भिंतीआडच्या खड्ड्यात बसत आला होता. पाच गोळ्या डोक्यावरून गेल्या की दोरी ओढून चौकट खाली घ्यायची, भोकं मोजायची, फोनवरून आकडा सांगायचा, नवा कागद लावायचा. आज तो वर होता, कारण खाली गोळ्या आपोआप मोजणाऱ्या नव्या मशीनची चाचणी चालली होती. मशीन पास झालं, तर उद्याची संघनिवड त्याच्यावरच होणार होती आणि पुढच्या महिन्यात खड्ड्याची नोकरी जाणार होती. नोकरीबरोबर क्लबच्या आवारातली खोलीही. बायकोने सकाळीच माळ्यावरची ट्रंक खाली काढून पुसून ठेवली होती.

तरीही तेराचा आकडा बघून त्याला आतून गुदगुल्या होत होत्या. या लोकांचा त्याला मनापासून तिटकारा होता. चहाच्या टेबलावरची त्यांची बडबड ऐकून त्याचे कान किटले होते. कुणाच्या रायफलची नळी कुठल्या पोलादाची, श्वास नेमका कधी रोखावा, वाऱ्याला किती सूट द्यावी! त्यांच्यातल्या एकाला सगळे कर्नल म्हणत. सैन्याच्या फाटकातून ते कधी आतही गेले नव्हते. ते पांढरे हातमोजे घालून आपलं शंभर वर्षांचं पिस्तूल मखमलीवर ठेवत आणि यातून आजवर एकही गोळी सुटलेली नाही, हे छाती फुगवून सांगत. ऐकणारे माना डोलवत. नाचता येईना अंगण वाकडं, म्हणून यांनी अंगणच परदेशातून मागवलं होतं.

आणि हॉलमध्ये, दारासमोरच, काचेच्या चौकटीत डॉक्टरांचा कागद टांगलेला होता. पन्नासपैकी एकोणपन्नास. पाचही भोकं एका नाण्याखाली झाकली जातील इतकी जवळ. डॉक्टर दातांचे होते, पण त्या कागदाच्या जोरावर क्लबचे अध्यक्ष झाले होते आणि संघात कोण जाणार हेही तेच ठरवत.

ती भोकं खड्ड्याने पाडली होती. पेन्सिलीने.

नोकरीच्या पहिल्याच महिन्यात त्याने एका बड्या सभासदाला फोनवरून खरं सांगितलं होतं, "दोनच लागल्या, साहेब." तासाभरात निरोप आला की नीट मोजता येत नसेल तर दुसरा माणूस बघू. तेव्हा तो शहाणा झाला. पेन्सिल जवळजवळ गोळीच्याच जाडीची होती आणि भोकाला करडी कड आपोआप येई. खड्ड्यातल्या माणसाला कळतं आणि वरच्या शहाण्यांना कळत नाही, याची त्याला इतकी वर्षं मजा वाटत आली होती. काचेच्या चौकटीखालून जाताना तो रोज मनात म्हणे, टोणगे लेकाचे.

पेन्सिल लागली नव्हती ती फक्त ग्रंथपाल बाईंच्या कागदाला. त्या क्लबची जुनी रायफल वापरत, कधी तक्रार करत नसत, म्हणून त्यांचा कागद जसाच्या तसा वर जाई. दर वर्षी बेचाळीस नाहीतर त्रेचाळीस, आणि दर वर्षी शेवटचा नंबर. आज मशीननेही त्यांना त्रेचाळीसच दिले होते. आज त्या पहिल्या होत्या.

"मशीन बिघडलंय," कर्नल म्हणाले.

"बाई पहिल्या आल्या, आणखी काय पुरावा हवा?" कुणीतरी जोड दिली. हशा पिकला.

बाई हसल्या नाहीत. "मला तर बरोबर वाटतंय. माझे नेहमी एवढेच येतात." मग त्या भिंतीकडे वळल्या. "दादा, तुम्हीच मोजता ना? तुम्ही सांगा."

"हो, यालाच विचारू," डॉक्टर म्हणाले. "बावीस वर्षं माझी भोकं मोजतोयस तू. तेरा कधी मोजलेस?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. हा क्षण त्याने खड्ड्यात बसून कितीदा तरी रंगवला होता. एका वाक्यात सगळ्यांचं नाक कापता आलं असतं. बाई संघात गेल्या असत्या. त्याच्या डोळ्यांपुढे पुसून ठेवलेली ट्रंक आली.

"कधीच नाही, साहेब," तो म्हणाला.

बाईंनी रायफल पिशवीत घातली, चेन ओढली आणि त्याच्याकडे न बघता निघून गेल्या. मशीन परत पाठवायचं ठरलं. मंडळी चहाला बसली आणि नळीच्या पोलादावर पुन्हा चर्चा सुरू झाली. खड्ड्याला बाईंपुढे लाज वाटली होती, पण ती फार वेळ टिकली नाही. खोली तर वाचली. शिवाय मूर्ख ते होते, तो नव्हता.

तो खाली निघाला तेव्हा डॉक्टरांनी त्याला जिन्यात गाठलं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दात उपटण्याआधी पेशंटशी बोलावं तशा मऊ आवाजात ते म्हणाले,

"उद्या निवड आहे. पेन्सिलीला जरा टोक काढून ठेव. हल्ली भोकं फार मोठी पाडतोस."