दाब, धर, सोड

"दगडूचं ऐकणार नाही असं यंत्र अजून जन्माला आलेलं नाही!" साऱ्या लालबागला ऐकू जाईल अशा आवाजात हे जाहीर करून दगडू टेम्पोखाली सरकला, आणि ऑइलचा पहिलाच थेंब नेमका त्याच्या डोळ्यात पडला.

संपाला तिसरं वर्ष लागलं होतं. गिरणीत वीस वर्षं साचे, म्हणजे कापड विणायचे माग, चालवलेल्या या माणसाने भंगारातला टेम्पो उचलला होता. जुना गिअरबॉक्स काढून त्याने दुसऱ्या गाडीचा बसवला. त्याच्यापायी क्लचही बदलावा लागला. आधीचा तारेचा होता, हा तेलाचा. पायडल दाबलं की नळीतलं तेल पुढे रेटतं आणि क्लच सुटतो. पण नळीत हवा राहिली होती. पायडल भिजल्या पावासारखं खाली जायचं, क्लच ढिम्म. शीवच्या शांती कोळणीने बजावलं होतं, संध्याकाळपर्यंत गाडी चालली तर भाऊच्या धक्क्यावरून मासळी न्यायचं काम तुझं, नाहीतर दुसऱ्याचं.

शेजारी स्टुलावर शामराव बसले होते. साळखात्यातले, म्हणजे विणकामातले, दगडूचे जुने जॉबर, मुकादमच. ते केव्हाच कामावर परतले होते. हातात दगडूच्या सहीसाठी आणलेला कागद: 'संपात गेलो ही चूक झाली, पुन्हा होणार नाही.' पाचपर्यंत सही, उद्यापासून साच्यावर.

"दगडू, ही काय चालत नाही. सही कर आणि मोकळा हो."

"पाचपर्यंत नाही चालली तर करतो," टेम्पोखालून आवाज आला. "तोवर बसा."

हवा काढायला दोन माणसं लागतात. पायडलवर त्याची बायको गंगुबाई, खाली नळीच्या स्क्रूवर दगडू. तिने दाबून धरायचं. त्याने स्क्रू सैल करून हवा सोडायची आणि परत आवळायचा. मगच तिने पाय उचलायचा. आधी उचलला की गेलेली हवा विसरलेली छत्री न्यायला आल्यासारखी परत आत. दोन तास हवेची ये-जा चालली होती.

"पाय का उचललास?"

"तुमी 'धर' म्हणूक नाय!"

"म्हटलं की!"

"खंय म्हटलास? माका कान आसत!"

भांडताना दगडूचा आवाज गिरणीच्या भोंग्याच्या तोडीचा. त्यामुळे आवाजाचा संशय कुणालाच आला नाही.

पावणेपाचला शामराव कागद पुढे करायला वाकले. दगडूचे दोन्ही हात स्क्रूवर होते आणि ओठ हलत होते. ठसठशीत, आणि बिनआवाजाचे. साळखात्यात शेकडो साच्यांच्या खडखडाटात ओरडून उपयोग नसे. सगळे नुसत्या ओठांनी बोलत आणि ओठांवरूनच समजून घेत. साचे सुटून दोन वर्षं उलटली, तरी हात यंत्रावर पडले की दगडूचा गळा आपोआप बंद होई. दोन तास तो बायकोला न चुकता हुकूम देत होता, गिरणीच्या रीतीने.

"वहिनी, तो 'धर' म्हणतोय!" शामराव ओरडले. जुन्या जॉबरला राहवेना. "धरा... धरा... आता सोडा! दाबा परत!"

पाच फेऱ्यांत पायडल कडक झालं. मघापर्यंत जराशा उतारावर गिअरमध्ये अडलेला टेम्पो पायडल दाबताच क्लच सुटून पुढे सरकू लागला. दगडू घाईघाईने बाहेर आला.

शामरावांनी घड्याळ पाहिलं, मग कागद. हातातली सही आपणच ओरडून घालवली, हे त्यांच्या ध्यानात आलं.

"आता साहेबांना काय सांगू रे?"

दगडूने कागद मागून घेतला आणि त्याला हात पुसले. "सांगा, संप चालू आहे. मिटवायचा असेल तर साहेबांनी इथं येऊन सही करावी. 'तुम्हाला घरी बसवलं ही चूक झाली, पुन्हा होणार नाही.' म्हणावं, दगडू धंद्यावर असतो, आधी कळवून या."

तो ऐटीत चढला. गंगुबाई सरकून बसली. त्याने चावी फिरवली. परत फिरवली. मग खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"शामराव, जरा धक्का मारता का? बॅटरी उतरलीय."