झरा कुणाचा

लेऊतू न्यायालयात उभा राहून पणजोबांच्या नावानं धडधडीत खोटं बोलत होता आणि मागे बसलेली त्याची थोरली बहीण, पिसाइना, चटईच्या काड्या उपसत होती.

"समुद्रकाठचा गोड्या पाण्याचा झरा आमच्या पणजोबांनी खणला!" लेऊतू गरजला. "खारफुटीपासून काळ्या खडकापर्यंत गाव वसवलं ते आम्ही. अफुआलोचं घराणं मागनं आलं."

गावचा वक्ता तो. अंगाला खोबरेल चोपडलेलं, हातात वक्त्याची काठी, खांद्यावर मानाचा काथ्याचा झुपका. हेच भाषण त्यानं सकाळी डब्यातल्या मासळीवर ताव मारत तिला म्हणून दाखवलं होतं. ओठांवरून तेल ओघळत होतं, ते पुसायचीही त्याला शुद्ध नव्हती. "अक्का, तू नुसतं 'हो' म्हण. झरा आपला झाला की कुंपण घालू, पर्यटकांसाठी झोपड्या बांधू. त्यांचं ते बघतील कुठलं पाणी आणायचं ते." तेव्हा तिच्या तोंडाची चव गेली ती गेलीच.

खरं काय ते तिला आजीनं सांगितलं होतं. पलीकडच्या सवाईई बेटावर डोंगर फुटला आणि लाव्ह्यानं त्यांचं गाव चर्चसकट गिळलं. आजी, तिचा बाप आणि तीन भावंडं एका होडीतून या किनाऱ्याला लागली. आजीच्या तळपायांची कातडी सोलून निघाली होती. अफुआलोच्या आजोबांनी त्यांना घर दिलं, तारोच्या कंदांचं शेत दिलं, झऱ्यावर पाणी भरू दिलं.

दाव्यातला दुसरा पक्ष अफुआलोचा; तो आता ऐंशीचा. त्याची पाळी आली तेव्हा तो कसाबसा उठला, "झरा पहिल्यापासून आमचा आहे," एवढंच पुटपुटला आणि खाली बसला. होडीचं नाव नाही, लाव्ह्याचं नाव नाही. पिसाइनाला त्याचीही चीड आली. एवढं खरं पोटात असताना हा म्हातारा मातीच्या ढेकळासारखा बसतोच कसा?

मग न्यायाधीशांनी तिला पुकारलं. लेऊतूनं तिच्याकडे बघून डोळा मिचकावला. तिला शिसारी आली. भावाची, आणि इतकी वर्षं असली भाषणं मुकाट्यानं ऐकणाऱ्या स्वतःचीही.

"माझा भाऊ खोटं बोलतोय," ती म्हणाली. "आम्ही इथले नव्हेच. आम्ही लाव्ह्यापुढून पळालेले आश्रित. या काकांच्या आजोबांनी आम्हाला जगवलं. झरा त्यांचा आहे."

"थुंकलीस ना आपल्याच ताटात!" लेऊतू फिस्कारला.

अफुआलोच्या माणसांत एकच कुजबुज उठली. "उठा आबा, हो म्हणा! जिंकलो आपण!"

न्यायाधीशांनी विचारलं, "या बाई सांगतात ते खरं आहे? मग तुम्ही आधीच का बोलला नाहीत?"

म्हातारा नातवाच्या खांद्याला धरून उभा राहिला. त्यानं एकवार पिसाइनाकडे पाहिलं. 

"पोरीची काहीतरी चूक होतेय, साहेब. झरा हवा तर त्यांना देऊन टाका. पण आमच्या दारात आश्रित कधी कुणी आलंच नाही. त्या दिवशी होडीतून उतरली, ती आमचीच माणसं होती."