दुधाच्या पिशवीतले रोप

दिवाळीच्या सुट्टीआधी खर्ड्याजवळच्या वस्तीशाळेत पाचवीची मुले दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत वाढवलेली कडुनिंबाची रोपे मैदानात लावत होती. मोनिका मात्र आपली पिशवी छातीशी धरून उभी होती, आणि तिच्या वाट्याचा रिकामा खड्डा उघड्या डोळ्यासारखा बाईंकडे रोखून पाहत होता.

"बाई, ती शेळीवानी पाळनार हाय त्याला!" ओम ओरडला, तशी सारी मुले हसली.

"मोनिका, लाव पाहू. पिशवीत गुदमरेल गं ते. इथं कसं मोकळं वाढेल!" बाईंचा आवाज नकळत चढला.

मोनिकाने पिशवी आणखी घट्ट धरली.



"न्हाई, बाई. हितं मुळं धरली, तर परवा ऊसतोडीला निघाल्यावर ते आमच्यासंगं कसं येनार?"