टार्पींच्या घरचा पाव

टेकडी चढताना नोरीन आईच्या पत्रातल्या तीन अटी घोकत होती. कारण सांगायचं नाही. पैसे द्यायचे नाहीत. आणि काही झालं तरी आभार मानायचे नाहीत!

तिची दोन वर्षांची ऊना डांग्या खोकल्यानं बेजार झाली होती. डॉक्टरच्या औषधाची बाटली चालूच होती, पण पोरगी खोकून खोकून निळी पडायची. मग आईचं पत्र आलं : ‘जिचं माहेरचं आणि सासरचं आडनाव एकच, अशा बाईच्या हातचा पाव ऊनाला खाऊ घाल. आपल्याकडची किती पोरं त्यावर बरी झालीत!’

नोरीनला या गावात येऊन जेमतेम महिना झाला होता. तिनं पोस्टमनलाच गाठलं.

“एकाच आडनावाचे? मग वरचं निळ्या दाराचं घर,” तो म्हणाला. “ॲट्रॅक्टा जन्माची टार्पी, टोमासही टार्पी. चाळीस वर्षं भांडतायत, पण चूल एकच!”

निळं दार ॲट्रॅक्टानंच उघडलं. हात पिठानं माखलेले.

“अगं पोरी, केवढी धाप लागलीय तुला! आत ये.”

“मला पावाचा तुकडा हवाय,” नोरीन एका दमात म्हणाली.

“भूक लागलीय?”

नोरीननं नुसतं पावाकडे बोट दाखवलं. ॲट्रॅक्टानं अख्खा पाव फडक्यात बांधायला घेतला.

“घे. टार्पीच्या दारातून कुणी रिकाम्या हातानं जात नाही. टार्पी म्हणजे माहितीय ना? दणकट! आमच्या एका पूर्वजानं पुरातून वासरू खांद्यावर घालून आणलं होतं.”

“मेंढी होती,” चुलीपाशी पाय शेकत बसलेला टोमास म्हणाला.

“वासरू! आजोबा सांगायचे तेव्हा तू जन्मला तरी होतास का?”

“आणि बोस्टनचा मुष्टियोद्धा टार्पी? त्याचं सांग की.”

“तो एकदाच जिंकला.”

“पण जिंकला ना!”

नोरीनला हसू आवरेना. अगदी मुरलेलं जोडपं! तरीही तिनं खात्री करून घेतली, “तुम्ही जन्मापासूनच टार्पी?”

“जन्मापासून. थडग्यावरही तेच नाव लागणार.”

नोरीनचा जीव भांड्यात पडला. आभाराचे शब्द ओठांवर आले होते. ते गिळून, पाव छातीशी धरून ती धूम पळाली.

पहिल्या दिवशी ऊनानं चार घास खाल्ले. तिसऱ्या दिवशी ती सकाळपर्यंत झोपली. आठवड्यानं तिनं मांजराची शेपटी ओढली, आणि नोरीन आनंदानं रडली. “बाटलीचा गुण,” नवरा म्हणाला. “टार्पींचा गुण!” ती ठसक्यात म्हणाली.

रविवारी चर्चबाहेर ॲट्रॅक्टा आणि टोमास दिसले. ऊना कबुतरांमागे धावत होती, एकदाही न खोकता. आभार तर मानायचे नव्हते, पण आनंद पोटात मावेना.

“आता कारण सांगते,” नोरीननं ॲट्रॅक्टाचे दोन्ही हात धरले. “माझी पोरगी तुमच्या पावानं वाचली. टार्पी मुलीनं टार्पीशीच लग्न केलं, तो दिवस किती भाग्याचा!”

टोमासनं टोपी काढून डोकं खाजवलं. “कुणाचं लग्न?”

ॲट्रॅक्टा आधी ऊनाकडे बघत राहिली, मग इतकी हसली की कबुतरं उडाली.

“लग्न? अगं, आई जाताना या धाकट्या भावाला माझ्या गळ्यात बांधून गेली, म्हणून तर माझं लग्न राहिलं!”